चार बोटं कमी

ड्रेसबॅकांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांनी मान्य करून टाकली होती, की जोलीनच्या पायात दोष आहे. बापानेच तसं ठरवलं होतं, आणि मर्ल ड्रेसबॅकने एकदा ठरवलं की अख्ख्या इंडियानात त्यावर अपील नसे.

बावीस वर्षांची असताना तिने शर्यतीच्या पट्टीवर म्हातारीचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, मोडला होता. म्हातारी म्हणजे त्यांची निळी गाडी, अडुसष्ट सालची, दोन दारांची, बॉनेटखाली आठ सिलिंडरच्या इंजिनाचं धूड. हिरवा दिवा लागला, जोलीनने पाय दाबला, आणि झेप घ्यायची सोडून गाडीची मागची चाकं जागच्या जागी धाडधाड उड्या मारू लागली. खाली काहीतरी काडकन तुटलं. गाडीतच काहीतरी बिघाड आहे, असं ती रडवेली होऊन सांगत राहिली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मर्ल चारचौघांत म्हणाला. "ओठ रंगवायचे की गाडी चालवायची, एक काय ते ठरव."

त्या दिवसापासून स्टिअरिंग धाकट्या भावाकडे, डेनीकडे गेलं. डेनी पाय असा टाकायचा, जणू खाली अंडी ठेवलीत. त्याच्या हातात म्हातारी कधी उडाली नाही, आणि कधी जिंकलीही नाही. पण हे बोलून दाखवायची कुणाची छाती होती?

आता जोलीन अठ्ठावन्नची झाली होती आणि डेनीच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. म्हातारी सोमवारी गावच्या संग्रहालयात जाणार, असं मर्लने जाहीर केलं. तिथे ती दोरीच्या पलीकडे उभी राहील, शाळेची पोरं येऊन बघतील. जोलीनने त्याआधीचा शनिवार मागून घेतला. पुन्हा मोडलीस तर, असं बापाने विचारलं, तेव्हा मोडकीच उभी करा दोरीच्या आत, असं तिने सुनावलं. पण शनिवारी पट्टीवर येताना तिला एक पक्कं ठाऊक होतं. आज गाडी उडाली, की दोष तिच्या पायातच होता यावर कायमचा शिक्का बसणार होता.

आणि पहिल्याच खेपेला गाडी उडाली. दात एकमेकांवर आपटले, आरसा वाकडा झाला. कडेला घडीच्या खुर्चीत बसलेल्या मर्लने तळहात वर केला. ही त्या घरातली जुनी खूण, पाय उचल. जोलीनने निमूट उचलला.

डेनीने मात्र मक्याच्या शेताकडेच्या गवतात पालथं पडून, दुखऱ्या कमरेसकट, मागच्या चाकाचं फोनवर चित्रीकरण केलं होतं. ते त्याने अगदी संथ गतीत लावलं, आणि तिघांची डोकी त्या इवल्या काचेवर आली.

चाकाने जमीन धरली. मग एक्सल स्वतःभोवतीच पिळला गेला, आणि ज्या पोलादी पाट्यांवर गाडीचं मागचं धड टेकलेलं असतं, ज्यांना पहारीनेसुद्धा हलवता येत नाही, ते पाटे ओल्या चामड्याच्या पट्ट्यासारखे वाकले. एका टोकाला फुगले, दुसऱ्या टोकाला खचले. चाकाची पकड सुटली, पाटे फाडकन सरळ झाले, चाक पुन्हा जमिनीवर आदळलं, पुन्हा सगळं पिळलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे एवढं महाभारत. जोलीनच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हे सगळं माझ्या बुडाखाली चालायचं?" ती पुटपुटली. मर्लने ते पुन्हा लावायला सांगितलं.

तिसऱ्यांदा बघताना जोलीनला टेकू दिसला. पाटे पिळले जाऊ नयेत म्हणून मर्लनेच कधीकाळी प्रत्येक पाट्याखाली एक लोखंडी दांडा बसवला होता, नाकावर रबराचा ठोकळा असलेला. जोर आला की त्या रबराने वर चढून पाट्याच्या पुढच्या कानाला, म्हणजे जिथे पाटा बोल्टने गाडीला अडकवलेला असतो तिथेच, भिडायचं. तिथे भिडला तर टेकू. पण त्याच्या मागे भिडला तर तोच पाट्याला मधोमध ढकलून वाकवणार.

ते टेकू म्हणजे बापाची शान. त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. जोलीनने पर्समधून लिपस्टिक काढली, गाडीखाली सरकली आणि दोन्ही रबरांना चांगली जाड फासली. पुन्हा रांगेत लागली, पुन्हा पाय दाबला, गाडी उडताच उचलला, आणि परत आली.

मर्ल गुडघे धरत धरत खाली वाकला. पाट्यावर लालभडक ठसा उमटला होता, कानाच्या चांगला चार बोटं मागे. दुसऱ्या बाजूलाही तसाच. त्याने बोटं टेकवून ते अंतर मोजलं.

"जुना नांगर मोडून केले होते," तो म्हणाला. "लोखंड तेवढंच होतं. म्हटलं, चालून जाईल."

जोलीनला ओरडावंसं वाटलं. छत्तीस वर्षं! पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिने लिपस्टिकला टोपण लावलं आणि ती पर्समध्ये टाकली. मर्ल शेजारच्या शर्यतवाल्यांच्या तंबूत गेला, वेल्डिंगचं मशीन मागून आणलं, आणि कुणालाही हात लावू न देता दोन्ही टेकूंना चार-चार बोटं लोखंड स्वतः जोडलं. त्या ठिणग्यांत त्याचा हात जराही हलला नाही.

ऊन कलताना ती पुन्हा दिव्यांसमोर उभी राहिली. मर्लने खिडकीतून डोकं आत घातलं. "ह्या खेपेला पाय उचलू नकोस," एवढंच म्हणाला.

हिरवा लागला. जोलीनने पाय तळापर्यंत दाबला आणि धक्क्यासाठी दात आवळले. धक्का आलाच नाही. म्हातारीने नाक वर केलं, मागचं धड जमिनीला चिकटलं, आणि सगळी ताकद एका सरळ रेघेत जोलीनच्या पाठीतून पुढे निघून गेली. काही आदळत नव्हतं, काही खडखडत नव्हतं. देवळात गेल्यासारखं वाटलं तिला, एवढ्या गर्जनेत. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने कडेला पाहिलं. मर्ल उभा होता, दोन्ही हात खाली सोडून.

ती परतली तेव्हा डेनीच्या हातात शर्यतीत लागलेल्या वेळेची चिठ्ठी फडफडत होती. मर्लने ती बघितलीसुद्धा नाही. संग्रहालयवाल्यांना नाही म्हणून कळव, असं त्याने डेनीला सांगितलं आणि गाडीचं दार उघडलं. मग तो खाली वाकला आणि जोलीनच्या उजव्या पायाच्या धुळकट बुटावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

"अंगणच वाकडं होतं, पोरी," तो म्हणाला. "तुला नाचता येत होतं."