पंखवाली गिऱ्हाइके

मी एक जुने स्टूल आहे. साधेसुधे नव्हे, फिरते! माझी बैठक गोल आहे, पाय चार आहेत आणि पोटात लोखंडी आट्यांचा जाडजूड दांडा आहे. एका बाजूला फिरवले की मी उंच व्हायचो आणि दुसऱ्या बाजूला फिरवले की बुटका. मित्रांनो, आज मी एका घराच्या मागच्या अंगणात, जास्वंदीच्या झुडपाशेजारी उभा आहे. माझा रंग उडाला आहे. अंगावर पांढरे ठिपके पडले आहेत, आणि ते कसले हे तुम्ही ओळखले असेलच. तरीही माझ्याइतके खुशीत असलेले स्टूल तुम्हाला शोधून सापडायचे नाही.

मला घडवले एका सुताराने. त्याने मला घासून घासून इतके गुळगुळीत केले की माशी बसली तरी तिचा पाय घसरावा. काम झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर बसला आणि गरगर फिरला. चक्कर आली तेव्हा उतरला आणि म्हणाला, "झकास!" दुसऱ्या दिवशी त्याने मला एका फोटो स्टुडिओत पोचवले.

स्टुडिओचे मालक तेव्हा तरुण होते. पुढे सगळी गल्ली त्यांना फोटोकाका म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. मागच्या भिंतीवर निळा पडदा, दोन्ही बाजूंना मोठे दिवे आणि मधोमध मी. आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा होता, कारण न बांधलेले कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून घरी जात. खुंटीवर एक काळा कोट होता. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणारा प्रत्येक जण तोच कोट घालून रुबाबदार होऊन जाई.

काका कॅमेऱ्यामागे उभे राहून सूचना देत. "मान जरा डावीकडे. अहो, माझी डावी नाही, तुमची! हनुवटी खाली. आता थोडं हसा... एवढं नको!" मी माझ्यावर बसलेल्याची धडधड ऐकत असे. लग्न ठरवण्यासाठी फोटो काढायला आलेले तरुण तर असे घामाघूम होत की ते उठल्यावर काकांना मला फडक्याने पुसावे लागे. शाळकरी मुले आली की माझी चंगळ असे. पाळी येईपर्यंत ती माझ्यावर बसून भिरभिरत. काका ओरडत, पण खोटे खोटे.

अशी खूप वर्षे मजेत गेली. मग माणसांच्या खिशात फोन आले आणि फोटो खिशातच निघू लागले. स्टुडिओचे दार दिवसभर उघडे राही आणि काका दारात उभे राहून रस्ता बघत. एक दिवस त्यांनी पडदा काढला, दिवे विकले आणि कुलूप लावले. कॅमेरा तेवढा घरी आणला आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. मला ते भंगारवाल्याला देणार होते, पण काकूंनी अडवले.

काकू म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या आणि बोलक्या. "राहू द्या हो ते," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालायला माझा हात दोरीला पुरत नाही."

"अगं, ते फिरतं! चढलीस तर भोवऱ्यासारखी फिरशील आणि पडशील!"

"मग कपड्यांचं टोपलं ठेवीन त्याच्यावर. तुम्हाला काय त्याचं?"

अशा रीतीने मी मागच्या अंगणात आलो आणि ओल्या कपड्यांचे टोपले डोक्यावर घेऊन उभा राहिलो. खरे सांगतो, मला वाईट वाटले. पण माझ्यापेक्षा वाईट अवस्था काकांची होती. ते दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहत. कुणी काही विचारले तर "हं" म्हणत. काकू बोलून बोलून थकत, आणि त्यांना थकवणे सोपे नव्हते बरे का!

एका सकाळी काकू मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. आत फोन वाजला म्हणून त्यांनी निवडून काढलेल्या कणीची ताटली माझ्यावर ठेवली आणि त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा ताटलीच्या काठावर एक चिमणी बसली होती. काकू दारातच थबकल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात हाक मारली, "अहो, बाहेर या! तुमच्या स्टुलावर गिऱ्हाईक आलंय!"

काका कुरकुरत आले. चिमणी त्यांच्याकडे पाठ करून दाणे टिपत होती. काकांचे डोळे बारीक झाले आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले, "मान जरा इकडे..."

आणि काय सांगू, चिमणीने खरोखरच मान वळवली! काका धावतच आत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आणि काकूंच्या "सावकाश हो!" चा आवाज आला. ते कॅमेरा घेऊन आले, नेम धरला, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेली होती. चिमणी पोटभर खाऊन उडून गेली. काका हळहळले, पण त्या दिवशी ते जेवताना चक्क बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात नवा स्टुडिओ सुरू झाला. काकांनी काय करावे? जुना निळा पडदा कपड्यांच्या दोरीवर टांगला. तो वाऱ्यावर असा फडफडू लागला की आसपास एक पाखरू फिरकेना. मग त्यांनी फ्लॅश लावला. एक धीट होला, म्हणजे कबुतरासारखा लहानसा पक्षी, आला, लख्ख उजेड पडताच दचकला आणि त्याने ताटलीच उलथवून टाकली.

काकू हसत हसत म्हणाल्या, "अहो, त्यांना पासपोर्ट नकोय! ते बिनपासपोर्टचेच सगळीकडे जातात."

काका आधी रागावले, मग त्यांनाही हसू फुटले. पडदा निघाला, फ्लॅश गेला. काका मांजरासारखे गप्प बसायला शिकले. मला त्यांनी जास्वंदीजवळ नेले, कारण पाखरांना आधी झुडपात बसून चाहूल घ्यायची असते आणि धोका दिसला तर पटकन लपायचे असते. काकूंनी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवले. प्लास्टिकच्या बाटलीला भोके पाडून त्यातून लाकडी चमचे आरपार घातले, म्हणजे चमच्यात दाणे सांडतील आणि दांड्यावर पाखरे बसतील. काकांनी माझ्या पायाला एक वाळकी फांदी बांधली. दाण्यांवर उतरण्याआधी पाखरे त्या फांदीवर क्षणभर टेकत आणि काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच क्षण पकडत.

चिमण्या आल्या, होले आले, केळ्याच्या फोडीवर ताव मारायला बुलबुल आले. एक खार तर बाटलीला उलटी लटकून खाई आणि काका तिला "उधारीवाली" म्हणत. मित्रांनो, माझ्यावर आजवर खूप माणसे बसली, पण पाखरांच्या नखांनी होणारी ती गुदगुली काही वेगळीच! फोटो छापून काकांनी मागच्या दाराला चिकटवले. गल्लीतली माणसे ते बघायला येऊ लागली. काका प्रत्येकाला सांगत, "हा बुलबुल बघा. कसा बसलाय! अजिबात डोळे मिटले नाहीत!"

मग काकांना वाटले, उजेड आणखी चांगला हवा. त्यांनी मला उचलून अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, मागच्या खोलीच्या मोठ्या काचेच्या खिडकीसमोर ठेवले. तिथे सकाळचे ऊन सुरेख पडे. पण त्या बाजूला कुंपणापलीकडे शिवणवाल्या बाई राहत. त्या घरीच शिलाईचे काम करत आणि शिवून धुतलेले कपडे कुंपणालगतच्या दोरीवर वाळत घालत.

एका सकाळी त्या तरातरा आत आल्या. हातात लहान मुलीचा पांढराशुभ्र फ्रॉक होता आणि त्यावर एक मोठा हिरवट डाग. "काका, हे बघा! आज संध्याकाळी द्यायचाय हा. तुमच्या पाहुण्यांनी काय करून ठेवलंय! तुमचा होतो खेळ आणि धुणं मला पडतं. आजच्या आज उचला हे सगळं!"

"अगं, मी धुऊन देते," काकू म्हणाल्या.

"आज धुवाल. आणि उद्या?"

काका काही बोलणार, एवढ्यात ठण्ण असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिले. खिडकीखाली एक बुलबुल पडला होता. माझ्यावरून उडाला तो सरळ काचेवर जाऊन आदळला होता. त्याची चोच उघडी होती, डोळे मिटलेले आणि एक पंख बाजूला पसरलेला.

काका धावत जाऊन त्याच्याजवळ उकिडवे बसले. काकूंनी भाचीला फोन लावला. ती जनावरांची डॉक्टर होती. "मावशी, पाणी पाजू नकोस," ती म्हणाली. "सारखा हात लावू नका. झाकणाच्या खोक्यात मऊ फडकं घालून ठेवा, वाऱ्यासाठी भोकं पाडा आणि शांत जागी राहू द्या. मुका मार असेल तर तासाभरात सावरेल."

"खोकं कुठून आणू आता?" काकू इकडेतिकडे बघू लागल्या.

शिवणवाल्या बाई केव्हाच कुंपणापलीकडे गेल्या होत्या. त्या बटणांचे खोके रिकामे करून घेऊन आल्या. त्यांनी सुईने त्याला भोके पाडली, तळाशी कापड घातले आणि ओंजळीत अलगद उचलून त्या जिवाला आत ठेवले. खोके माझ्यावरच ठेवले गेले. त्यात काहीच हालचाल नव्हती. माझ्या बैठकीला त्याची फार अंधुक धडधड लागत होती. ती मला एकट्यालाच कळत होती आणि मला सांगता येत नव्हते.

तिघे पायरीवर बसून राहिले. काकूंनी चहा केला, तो कुणी घेतला नाही.

"मीच बोलावलं त्याला इथे," काका म्हणाले. "फोटोच्या नादात. आजच स्टूल आत नेतो. बाटली काढून टाक. पुरे झालं हे."

काकूंना पुढच्या खोलीतले ते "हं" चे दिवस आठवले असावेत, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. आश्चर्य म्हणजे बोलल्या त्या शिवणवाल्या बाई. "आधी तो उठू तर द्या, काका. मग ठरवू."

आणि खोक्यात खरखर झाली. पुन्हा झाली. बाई हळूच पुढे आल्या आणि त्यांनी झाकण उघडले. बुलबुल क्षणभर काठावर बसला, त्याने शेपटी झटकली आणि भुर्रकन जास्वंदीत गेला. जाता जाता त्याने बाईंच्या खांद्यावर आपली खूण ठेवली.

बाईंनी खांद्याकडे पाहिले. काका घाबरले. आणि बाई अशा खळखळून हसल्या की काकूंनाही हसू आवरेना. "घ्या! फ्रॉकच्या जोडीला ब्लाउज!" बाई म्हणाल्या. "आता दोन्ही तुम्हीच धुवायचे, काका. काकूंनी नाही!" काकांनी ते खरोखर धुतले. फ्रॉक इस्त्री होऊन वेळेवर पोचलाही.

भाचीने संध्याकाळी येऊन सगळे समजावले. पाखरांना काच दिसत नाही. तिच्यात दिसणारे आभाळ त्यांना खरे वाटते. ऐकताच बाईंनी उरलेल्या लेस आणि रंगीत फिती आणल्या, चार चार बोटांच्या अंतराने शिवून त्यांची झालर केली आणि काकांनी ती काचेच्या बाहेरून लावली. मला परत जास्वंदीशेजारी नेले. त्यानंतर पाखरांचा येण्याजाण्याचा रस्ता बदलला आणि बाईंचे कपडे वाचले. हल्ली बाई शिवण घेऊन काकूंच्या खिडकीपाशी येऊन बसतात. काकांच्या आधी त्यांनाच नवे पाखरू दिसते आणि त्या कुजबुजतात, "काका, गिऱ्हाईक!"

गेल्या पावसाळ्यात माझा एक पाय कुजला आणि पोटातले आटे गंजून जाम झाले. काकांनी गल्लीतल्या एका तरुण सुताराला बोलावले. त्याने मला हलवून पाहिले आणि मान हलवली. "काका, हे आता माणसाच्या कामाचं राहिलं नाही. कुणी बसलं तर मोडेल. जाळायला काढा."

माझा तर जीवच गेला, मित्रांनो! पण काका शांतपणे म्हणाले, "माणसाला बसवायचंय कुणाला? याच्यावर बसणाऱ्याचं वजन तुझ्या खिशातल्या खिळ्यांएवढंही नाही रे."

सुताराने खिशात हात घालून खिळे चाचपले, विचार केला आणि हसला. त्याने माझ्या पायाला पट्टी ठोकली. मग चहा घेत तासभर खिडकीत बसला आणि जाताना विचारून गेला, "काका, बाटलीला भोकं किती पाडायची?"

मित्रांनो, तुम्हीही आपल्या अंगणात किंवा गच्चीत दाणापाणी ठेवा. पण एकदा ठेवून विसरू नका. पाणी रोज बदला. भांडी गरम पाण्याने घासा. ओले, बुरसलेले दाणे फेकून द्या, कारण ते खाऊन पाखरे आजारी पडतात. खारट, तिखट उष्टे त्यांना घालू नका. मोठ्या काचेवर फिती लावा. फोटो जरूर काढा, पण फोटो चुकला तरी चालेल, पाखराला इजा होता कामा नये. आणि घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी थोडे थांबा. तिला पेलवेल इतक्याच वजनाचे कुणीतरी तिची वाट बघत असेल.

आज सकाळी चिमणीची दोन पिल्ले प्रथमच आली आहेत. त्यांना अजून दाणा टिपता येत नाही. ती माझ्यावर बसून नुसती आ वासतात आणि आई एकाला भरवू लागली की दुसरे तिला ढकलते. खिडकीत काका, काकू आणि शिवणवाल्या बाई एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत आहेत. आता मी गप्प बसतो. तुम्हीही हलू नका हं, पिल्ले अजून नवखी आहेत.