कातरलेला कोपरा

आमच्या स्टुडिओत मेलेल्या माणसाचा फोटो काढला की निगेटिव्हचा वरचा उजवा कोपरा कात्रीनं कापायचा, असा नियम होता. नियम आमच्या ह्यांचा. अंबादास नाव त्यांचं. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही, दुकानाच्या पाटीवरही तेच होतं. आमच्या वस्तीत, गढ्यात, बाजाराच्या तोंडाशी अंबादास फोटो स्टुडिओ अडतीस वर्षं चालला.

तेव्हा घरात कोणी गेलं की नेण्याआधी फोटो काढून घ्यायचे लोक. कित्येक म्हाताऱ्यांचा जन्मातला तेवढाच एक. हे कॅमेरा घेऊन पुढे, मी पिशवी घेऊन मागे. बाईमाणूस असलं तर केस बसवणं, पदर सारखा करणं, हनुवटीला बांधलेलं फडकं फोटोपुरतं सोडणं, हे माझ्याकडे. घरचे रडत असायचे, मी माझं काम करायची. निगेटिव्ह वाळलं की कोपरा कचकन उडवायचा, म्हणजे चुकून कधी ते दुकानाच्या काचेत, एखाद्या नवरानवरीच्या शेजारी लागायला नको.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. मागे निगेटिव्हच्या अकरा पेट्या राहिल्या. नातीनं, भावनानं, सिविल लाइन्समधल्या हापिसातून सुटी मिळेल तशी एकेक पेटी मशीनवर चढवली आणि सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले. मग एक ब्लॉग उघडला, आजोबांच्या नावानं. मशीनवर चढवून झालेल्या पेट्या मी निगेटिव्हसकट काढून टाकायला लावल्या. चिकटून लगदा झाला होता त्यांचा, घरभर आंबूस वास. गेल्या उन्हाळ्यात भावनाची फोटो साठवायची डबी, ती हार्ड डिस्क, पण बिघडली. तेव्हापासून चौदा हजार फोटो जे आहेत ते फक्त त्या ब्लॉगवर.

ब्लॉगच्या अगदी डोक्यावर माझ्या अश्वजीतचा फोटो. तो मी लावायला सांगितला. माझा पहिला मुलगा. सव्वा वर्षाचा होता. झालरीच्या उशीला टेकून बसलाय, अंगात टोपडं-झबलं, आणि डोळे टक्क उघडे. त्याचा एवढाच फोटो आहे. फ्रेम केलेला भिंतीवर, आणि तोच ब्लॉगवर. खाली लोक लिहितात, कितनी प्यारी आँखें हैं, अम्मा. मी भावनाकडून प्रत्येकाचं वाचून घेते. दुसऱ्यांदाही वाचून घेते.

तो गेला त्या साली माझी आई गोंदियाला शेवटच्या घटका मोजत होती. अश्वजीतला गोवर निघाला होता, प्रवासात नेता येईना. सासूजवळ, राधाबाईजवळ, ठेवून शुक्रवारी छोट्या लाइनच्या गाडीत बसले. मंगळवारी तार आली, पोर सोमवारी गेलं म्हणून. गुरुवारी पोचले तेव्हा पोराला मातीत ठेवूनही झालं होतं. आठवड्यानं ह्यांनी माझ्या हातात हा फोटो दिला. म्हणाले, "रविवारी काढला. चांगला खेळत होता."

रविवारी खेळत होता तो सोमवारी कसा गेला? मी सासूला धरलं. काय खाऊ घातलं, कुठं घेऊन गेली, थंड पाण्यानं धुतलं का. ती म्हणाली, "शनिवारपासून त्यानं डोळे उघडले नाहीत, गीता."

मी फोटो तिच्यापुढे आपटला. "मग हे काय आहे?"

तिनं फोटो बघितला. मग लेकाकडे बघितलं. हे भिंतीशी बसून लेन्स पुसत होते. पुसतच राहिले. म्हातारी उठली आणि कणीक मळायला गेली.

त्या दिवसानंतर एकोणीस वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्याले नाही. एका घरात दोन चुली मांडल्या. ती गेली तेव्हा हे एकटेच कॅमेरा घेऊन तिच्या खोलीत गेले. गावभरच्या मेलेल्या बायांचे पदर मी सारखे केले, तिचा केला नाही. हे मी लपवत नाही, सगळ्या गढ्याला ठाऊक आहे.

तर यंदा उन्हाळा सुरू होता होता ब्लॉगवाल्यांची सूचना आली. जागा भरली. दोन महिन्यांत फोटो कमी करा, नाही तर ब्लॉग बंद पडेल. भावना म्हणाली, "आजी, एकेका फोटोचे ते लोक पाच-पाच साइज बनवतात, नखाएवढ्यापासून भिंतीएवढ्यापर्यंत. म्हणून इतकी जागा खाते."

"मग आमच्या अश्वजीतचं काय होईल?"

"बंद पडला तर सगळंच जाईल ना. उसका भी जाएगा."

"जात नाही म्हणावं. मी बसते. काय करायचं ते दाखव."

चौथी शिकलेय, पण हिंदी-मराठी अक्षर सुटत नाही माझ्या हातून. तिनं जुना लॅपटॉप दिला, फोटो निवडून काढायचं शिकवलं. काढलेला फोटो कचरापेटीत जातो, तीस दिवसांनी तिथूनही कायमचा जातो. मी म्हटलं, हे आपल्या घरापेक्षा बरं आहे, इथं तर कचरा वर्षानुवर्षं हलत नाही.

पहिल्याच दुपारी मी राधाबाईचे फोटो शोधून शोधून काढले. चांगले एक्केचाळीस निघाले. दळताना, विहिरीवर, लेकासोबत, नातवंडांसोबत, आणि सगळ्यात शेवटी तो कोपरा कातरलेला. सगळे उडवले. भावना संध्याकाळी म्हणाली, "अरे, पणजीचा एक तरी ठेवायचा ना, आजी."

"काहून? जागा पाहिजे म्हणाली ना तू?"

ती चहा ठेवायला उठली. ह्या घरात त्या विषयावर गप्प बसायची चालच आहे.

मग भावनानं त्यात एक सोय बसवली. एकसारखे दिसणारे दोन फोटो ती सोय स्वतःच हुडकून शेजारी शेजारी मांडते आणि हिंदीत विचारते, दोन्हींतला कोणता ठेवू? एकावर बोट ठेवलं की दुसरा गेला. आमच्याकडे जोड्या भरपूर. प्रत्येक गिऱ्हाइकाचे हे दोन फोटो काढायचे, कारण एकात कोणी ना कोणी डोळे मिटायचंच. मी नियम केला, डोळे मिटलेला काढायचा. मागे भेडाघाटच्या संगमरवरी खडकांचा रंगवलेला पडदा, पुढे नवरदेव डोळे मिटून उभा. गेला. हवालदार डोळे मिटून. गेला. शेजारची बेबीताई येऊन बसली तर तिचाच लग्नातला फोटो समोर आला.

"हा नको काढू गं, ह्यात मी बारीक दिसून राहिली."

"डोळे बघ. झोपलीस बोहल्यावर."

"लाजत होते."

"तू? लाजत होतीस?" मी तिच्या देखत काढला. दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली.

पण खरं सांगायचं तर ते काम चांगलं नव्हतं. दुपारची वेळ, कूलरचा घरघराट, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. हजार-हजार माणसं समोरून जायची आणि त्यांतली बहुतेक आता नाहीत. कोपरा कातरलेले मी वेगळे ठेवत होते. ते ब्लॉगवर दिसू द्यायचे नाहीत, हा ह्यांचा नियम मी पाळत होते. पण कधी कधी कोपरा शाबूत असलेली बाई बघूनही वाटायचं, हिची हनुवटी मी धरली होती का? हाताच्या बोटांना ते फडकं आठवायचं. मग मी मागे वळून भिंतीकडे बघायची. अश्वजीत टक्क बघत असायचा. त्याची नजर खोलीत कुठंही बसलं तरी आपल्यावरच असते. येणारे-जाणारे कौतुक करतात त्याचं. मला एक गोष्ट त्या दिवसांत पहिल्यांदा दिसली. त्याच्या गालावरचा उजेड डावीकडून आलाय. डोळ्यांतले पांढरे ठिपके मात्र उजवीकडे आहेत. म्हटलं, म्हातारपणाचे डोळे आहेत, तुझेच फसत असतील.

पस्तिसाव्या दिवशी, बेबीताई नुकतीच उठून गेली होती, लॅपटॉपवर नवी जोडी आली.

डावीकडे अश्वजीत. उजवीकडेही अश्वजीत, डोळे मिटलेला.

मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. त्याचा दुसराही फोटो आहे, मला मिळाला, असंच वाटलं. मिटू देत डोळे, माझं पोर पापणी लवतं तेव्हा कसं दिसतं ते तरी बघते. मी फोटो मोठा केला. पाचही साइजमधला सगळ्यात मोठा.

झबल्याच्या सुरकुत्या दोन्हीकडे त्याच. टोपड्याची नाडी तीच, तशीच वळलेली. सव्वा वर्षाचं पोर दोन फोटोंत इतकं एकसारखं बसत नाही. माझ्या आयुष्यात बसलेलं बघितलं नाही. अडतीस वर्षं पोरांपुढे खुळखुळा वाजवलाय मी.

मग वरचा उजवा कोपरा बघितला. कातरलेला होता.

हे असं करायचे, मला ठाऊक होतं. कोणी फार विनवलं तर मेलेल्याच्या फोटोवर एका केसाच्या ब्रशनं डोळे रंगवायचे आणि रंगवलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढायचे. दुसऱ्या निगेटिव्हला कोपरा शाबूत राहतो. दोन-चारदा रंगाची वाटी मीच धरली होती. पांढरा ठिपका शेवटी, म्हणायचे, त्यानं जीव येतो.

डोळे मिटलेल्या फोटोत झालरीची उशी नव्हती. आमच्या घरात झालरीची उशी कधीच नव्हती, हेही मला तेव्हा आठवलं. उशीच्या जागी एक हात होता. मागून कोणीतरी पोराची मान सावरून धरलेली. मनगटावर गोंदण, तुळशीचं रोप आणि खाली तीन टिंबं. एका घरात एकोणीस वर्षं तो हात मी चुलीपाशी, नळावर, दाराच्या कडीवर बघितला. शनिवारपासून डोळे उघडले नाहीत, म्हणाली होती ती. तिनं ह्या हातानं त्याला धरून बसवलं, लेकानं फोटो काढला, आणि तिचा हात पुसून तिथं उशी रंगवली. हे तिला ठाऊक होतं. फोटो आपटला तेव्हाही ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर मी त्या दिवशी ह्यांना सोडून गोंदियाला गेले असते, आणि परत आले नसते. ती कणीक मळायला गेली.

खाली हिंदीत प्रश्न तसाच होता, कोणता ठेवू. मी भावना येईपर्यंत हात लावला नाही. मागे भिंतीकडेही वळले नाही. पाठीला ते डोळे कळत होते.

भावना सातला आली. पर्स खांद्यावरच होती तिच्या.

"अच्छा, अश्वजीत बाबांचे दोन निघाले? मिटलेला काढायचा ना, आजी?"

"थांब. ती कचरापेटी उघड आधी. तुझ्या पणजीचे फोटो बाहेर काढ."

"कधी काढले होते?"

"पहिल्या दिवशी."

तिनं उघडलं, खाली-वर केलं. मग हळू बोलली, "तीस दिवस चार दिवसांपूर्वीच झाले, आजी. पेटी रिकामी झालीय."

"छोटा असेल एखादा. पाच साइज करतात ना ते? नखाएवढा?"

"एक काढला की पाचही जातात."

"नाव टाकून बघ. राधाबाई."

तिनं टाकलं. काही आलं नाही. पुन्हा टाकलं. शेवटी माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला त्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं. तिनं पणजीला बघितलेलंच नाही. सांगायला मला वेळ लागला. मधे बेबीताई दारात येऊन उभी राहिली, माझं तोंड बघितलं आणि न बोलता परत गेली. तिच्याकडून असं पहिल्यांदाच झालं.

सगळं ऐकून भावना म्हणाली, "तू दोन्ही ठेव ना. मी ह्या जोडीला छोड दो करते."

"एकच ठेव म्हणतंय ना ते? एकच ठेवायचा." आणि मी उजवीकडच्या फोटोवर, मिटलेल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. डावीकडचा गेला. "आता हा वर लाव. डोक्यावर."

"कोपरा कटा हुआ आहे, आजी. आजोबांचा नियम..."

"त्यांचा नियम त्यांनीच मोडला. पंचेचाळीस वर्षं माझ्या भिंतीवर मोडून ठेवला. लाव."

तिनं लावला. नाव तिनं लिहिलं, अश्वजीत अंबादास, वय सव्वा वर्ष. लॅपटॉप बंद करून गेली. कुणी जेवलं नाही फारसं.

भिंतीवरची फ्रेम मी उतरवलेली नाही. उतरवायला खुर्चीवर चढले होते. तोंडासमोर तोंड आलं आणि दिसलं, ह्यांनी डोळे रंगवताना डावी पापणी थोडी खाली ठेवलीय. अश्वजीतची तशीच होती, जन्मापासून. आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं ते. मी खाली उतरले. आता दुपारी लॅपटॉप घेऊन बसते तेव्हा खुर्ची फिरवून, त्याच्याकडे तोंड करून बसते. तो बघतो, मी बघते. माझ्याशी नीट बोलत नाहीये तो अजून, असं वाटतं. दोष त्याचा नाही.

परवा ब्लॉगवर कोणीतरी खाली लिहिलं. पूर्वीसारखं डोळ्यांचं कौतुक कोणी करत नाही आता, बहुतेक जण काही न लिहिता जातात. ह्यानं विचारलं होतं, अम्मा, पीछे ये हाथ किसका है?

भावना हापिसात होती. उत्तर मीच लिहिलं, एका बोटानं, अक्षर शोधत. अक्षराला काना लागेना, दोनदा पुसलं. लिहिलं, माझ्या सासूचा, राधाबाईचा. तिच्याजवळ ठेवून गेले होते, तिनं शेवटपर्यंत धरला.