सोमवारचा कॅन

पोराच्या, विश्वजीतच्या, पळण्याच्या सरावासाठी मंजुषा कन्नडचं घर सोडून शहरात गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, मायलेक सोबत राहू. नवरा साखर कारखान्यात, तो तिकडंच. इथं शेजारच्यांची नुसती दारं ओळखीची. आणि पोरगा पहाटे मैदानावर, मग कॉलेज, मग पुन्हा मैदान. घरात असला की कानांत हेडफोन. तिचं बोलणं व्हायचं ते देव्हाऱ्याशी.

शनिवारी त्याची जिल्हा संघासाठी निवड चाचणी होती. ती चांगली व्हावी म्हणून तिनं सोमवार धरले होते. दिवसभर नुसतं पाणी, दिवे लागल्यावर जेवण.

त्या सोमवारी दुपारी भांडी घासताना तिला घेरी आली. ओट्याला धरून उभी राहिली तसं विश्वजीतनं कानांतला हेडफोन काढला.

“आई, लई पांढरी पडलीस.”

“उपवास आहे रे.”

त्यानं सॅकमधून एनर्जी ड्रिंकचा कॅन काढला. “हे घे. धान्य नाय, काय नाय. पाणीच की. तुझ्या महादेवाला चालतं.”

“तुला सांगून गेला वाटतं महादेव.”

तो हसला. कितीतरी दिवसांनी तिच्याकडं बघून हसला. त्या हसण्यापायी तिनं अख्खा कॅन पिऊन टाकला. खोकल्याच्या औषधासारखा गोड लागला.

तो मैदानावर गेला आणि थोड्याच वेळात तिच्या छातीत धडधडायला लागलं. तिनं जपमाळ घेतली, पण मणी मोजताना सारखी चुकत होती. नाव देवाचं आणि लक्ष सगळं छातीत. फोन करावा तर कुणाला? नवरा ड्यूटीवर. शेजारणीचं नावही तिला धड ठाऊक नव्हतं. भिंतीला टेकून ती दाराकडं बघत बसली.

विश्वजीत आला आणि दारातच थबकला. पण गडबडला नाही. खिडकी उघडली, पाण्याचा तांब्या आणला, तिच्याजवळ जमिनीवर बसला.

“घोट घोट पी. डोळे मिटू नको, मग धडधड जास्त ऐकू येते. उतरतं हळूहळू.”

“तुला रे कसं ठाऊक?”

“मला पण असंच होतं ना. रात्री झोप येत नाय मग. सकाळी परत एक कॅन घ्यावा लागतो.”

“आणि बोलला नाहीस?”

“कधी बोलू? मी येतो तेव्हा तू जपाला बसलेली असतेस.”

त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

“उद्या डॉक्टरकडं जाऊ,” ती म्हणाली.

“डॉक्टर कॅन बंद करायला लावंल. त्याच्याबिगर मला पळवत नाय आता. शनिवारी काय करू?”

“नाही झाली निवड, तर नाही.”

इतके सोमवार ज्या निवडीसाठी धरले, तिच्यावरच तिनं असं सहज पाणी सोडलं. बाहेर दिवे लागले होते. देव्हाऱ्यात अजून अंधार होता.

“तुझी आरती?” त्यानंच आठवण केली.

“थांबतील महादेव. तू सांग. पहिल्यांदा कधी झालं असं?”

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून सॅकमध्ये टाकला. तांब्या तिच्याकडं सरकवला आणि सांगायला लागला.