दस्त्यावरचं नाव

अनंत परबांना चौऱ्याहत्तरावं लागलं, तेव्हा मुलगी गार्गी म्हणाली, "बाबा, आता लायसन्स परत नको काढायला. बंदूक विकून टाका." मुलुंडच्या त्यांच्या घरात ती दुनळी बंदूक बावीस वर्षं कपाटात बंद होती. अनंतांनी एकदाही बार काढला नव्हता.

बंदूक वडिलांची. सावंतवाडीजवळ शेतीत रानडुकरं घुसत, त्यांच्यासाठी घेतलेली. बाजूच्या पोलादी पट्ट्यांवर उडते तितर कोरलेले होते. वडील गेल्यावर थोरला भाऊ माणिक आणि अनंत, दोघांनाही तीच हवी होती. माणिक दहिसरला राहायचा. बाचाबाची झाली, अनंतांनी कागद आपल्या नावावर करून घेतले. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. गेल्या मार्चमध्ये माणिक गेला. अनंत अंत्ययात्रेलाही गेले नाहीत.

घाटकोपरच्या चंद्रप्रकाशांचा परवाना असलेल्या बंदुकांचा व्यवसाय होता; अनंत बंदूक घेऊन त्यांच्या दुकानात गेले. चंद्रप्रकाशांनी नळ्या वेगळ्या केल्या, खालचे कारखान्याचे बारीक शिक्के भिंगातून पाहिले.

"वडील लंडनची म्हणायचे," अनंत म्हणाले.

"नाव लंडनचं आहे. बनवलीय बेल्जियममध्ये. तेव्हा अशा खूप यायच्या." त्यांनी नळ्या उजेडाकडे धरल्या. "पीळ दिलेल्या लोखंडाच्या आहेत. आतून गंजाने खाल्ल्यात. आजचं काडतूस घातलं तर नळी फुटेल. कोरीवकाम सुंदर आहे, साहेब, पण घेणाऱ्याकडे लायसन्स हवं. पंधरा हजार मिळाले तरी खूप."

पंधरा हजार, अनंतांच्या मनात आलं. एवढ्यासाठी दादाशी बोलणं तोडलं?

"हे काय?" चंद्रप्रकाश दस्त्याकडे बघत होते. लाकडात बसवलेला, काळा पडलेला अंड्याएवढा पत्रा. "चांदी दिसतेय." त्यांनी त्यावर पावडर घासली, फडक्याने पुसलं, आणि अक्षरं वर आली. गावच्या सोनाराच्या हातची, थोडी वाकडी.

'चि. माणिक यास. बाबांकडून.'

खाली माणिकच्या जन्माचं साल होतं.

अनंतांना भांडणाचा दिवस आठवला. "त्या बंदुकीवर माझं नाव आहे, अनंता!" दादा ओरडला होता. तेव्हा त्यांना वाटलं, थोरला म्हणून हक्क सांगतोय. नाव बघायला त्यांनी बंदूक हातातही घेतली नव्हती.

दुकानाबाहेर उभं राहून त्यांनी वहिनींना, द्रौपदीबाईंना फोन लावला.

"वहिनी, अनंत बोलतोय."

"बोला भावोजी."

"बंदुकीवर दादाचं नाव आहे. कोरलेलं. मला आज दिसलं."

"मग ते काय खोटं बोलत होते?"

"मला ठाऊक नव्हतं. आता दादाच्या मुलाला, श्रेयसला द्यायची म्हणतो. त्याचीच आहे ती."

"श्रेयसला घरात शस्त्र नकोय. आणि भावोजी, हे गेले तेव्हा तुम्ही तेराव्यालाही आला नाहीत. शेवटी शेवटी रोज विचारायचे, अनंता आला का? आता बंदूक कसली पाठवताय?"

फोन बंद झाला.

अनंतांनी बंदूक दुकानात जमा केली, पावती घेतली. चंद्रप्रकाश म्हणाले, गिऱ्हाईक नाही मिळालं तर पुढे सरकारजमा होईल, तोडतील. चांदीचा पत्रा काढून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. अनंतांनी नकारार्थी मान हलवली. कुणाला द्यायचा?

रविवारी ते दहिसरला गेले. श्रेयसने दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला झाला. भिंतीवर दादाचा फोटो होता, हार सुकलेला. अनंत समोर बसले. आधी काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण नुसते फोटोकडे बघत राहिले. वहिनींनी पाण्याचा पेला ठेवला, चहाचं विचारलं नाही. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता.

पाऊण तास ते तसेच बसले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"येतो," ते म्हणाले.

'या' असं कुणी म्हटलं नाही. जिना उतरताना त्यांना मागे कडी लागल्याचा आवाज आला.