माझ्या बॅचच्या पोरी

माझी धाकटी जाऊ प्रतिक्षा बारामतीची. शिकलेली, गोरी, आणि हसली की सासूबाईंचा राग कुठल्या कुठं पळतो. एवढं सगळं एकीलाच द्यायची देवाला काय गरज होती कोण जाणे. तेही मी सोसलं. पण लोणी देवकरच्या ज्या कंपनीत दूध पावडरीच्या पिशव्या भरता भरता माझी हाडं झिजली, तिथंच ती ट्रेनिंग ऑफिसर म्हणून आली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

कारण तिथं शिकवणारी मी होते. नवी पोरगी आली की सुयोग साहेब म्हणायचे, "राजेश्वरीबाईंच्या शेजारी उभी राहा." पोरगी उभी राहायची, बघायची, चुकली की माझं बोलणं खायची. काही अडलं की "अक्का, अक्का" करत माझ्याकडंच धावायची. घरात मला कोण विचारतंय? तिथं विचारायचे.

प्रतिक्षानं आल्या आल्या काय केलं? काही नाही. आठवडाभर पोरी कुठं चुकतात ते नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "शिकवणार कवा गं?"

"काय येत न्हाय ते कळल्याबिगर काय शिकवू, अक्का?"

मग तिनं धडे तयार केले. एका वेळी एकच गोष्ट. चांगल्या पिशव्यांत सील सुटलेल्या पिशव्या मुद्दाम मिसळायची आणि पोरींना हुडकायला लावायची. पोरी खिदळायच्या. माझ्या हाताखाली आजवर कुणी खिदळलं नव्हतं.

साहेबांनी नव्या पोरींच्या दोन बॅच केल्या, एक तिची, एक माझी. महिनाभरानं जिच्या बॅचचं काम चांगलं, तिच्या पद्धतीनं पुढं सगळ्यांना शिकवायचं ठरलं. घरी आम्ही गोड बोलत होतो, पण मनातल्या मनात मी रोज तिच्या बॅचच्या पिशव्या फोडत होते.

महिना भरत आला आणि माहेरी, लोणी भापकरला, भाच्याचा साखरपुडा निघाला. नवरीची ओटी भरत होतो तोच फोन वाजला. माझ्या बॅचची संस्कृती ऑफिसच्या फोनवरून बोलत होती.

"अक्का, सील सुटाय लागलंय. मशीन थांबवलीया. काय करू?"

मी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आधी गरमी वाढव!" पंगतीला बसले तर परत तिचाच फोन. वहिनी म्हणाली, "तुमच्याबिगर कंपनीचं पानबी हलत न्हाय बघा!" मी "काय करायचं बाई" म्हणून उसासा सोडला. आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. मी ताठ मानेनं गेले.

"काल दोन्ही बॅचच्या मशीनवर पिशव्यांचं सील सुटलं," साहेब म्हणाले. "प्रतिक्षाताईंच्या पोरींनी कुणालाही न विचारता मशीन थांबवली, नीट केली, चालू केली. तुमच्या पोरी फोन धरून बसल्या. राजेश्वरीबाई, महिनाभरात त्या शिकल्या काय?"

ज्या फोनांवर मी माहेरात मिरवले, तेच माझ्या मुळावर आले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये प्रतिक्षा शेजारी येऊन बसली. "अक्का, रागावू नका. मी लगीन होऊन आले तवा मला भाकरी येत न्हवती. तुमी आधी थापून दावली. मग हात धरून थापून घेतली. अन् मग मला चुलीपुढं एकटी सोडून रानात निघून गेलात. म्हणून तर आली मला."

"मग?"

"मग हितं पोरींना एकटं सोडून का जात न्हाय?"

उत्तर मला ठाऊक होतं. घरात मला भाकरी कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. इथं मला अक्का म्हणवून घ्यायचं होतं. पण ते तिला कशाला सांगू? मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

पुढं साहेबांनी माझी बॅच मलाच परत शिकवायला लावली, तिच्या पद्धतीनं. मी दाखवलं, करून घेतलं, आणि नाइलाजानं कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. समोर चहा, कान भिंतीपलीकडच्या मशीनकडं.

मशीन थांबली. मी अर्धवट उठले. आता हाक येईल म्हणून थांबले. हाक आली नाही. मशीनच सुरू झाली.

तरी गेलेच. "काय झालतं गं?"

"काय न्हाय अक्का. सील सुटत हुतं. केलं नीट." संस्कृतीनं वर बघितलंसुद्धा नाही.

इतके दिवस मी जावेवर जळत होते. आता या काल आलेल्या पोरीवर जळायला लागले. आणि तिला शिकवलं कुणी? मीच!