कान्हूआबाची तापावरची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळ्या मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने कडक झालेली. कामशेतजवळच्या डोंगरवाडीत कान्हूआबाच्या घरी माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझं काम ऊब देण्याचं. पण या माणसांनी मला वैद्य करून टाकलं आणि माझा जीव अगदी विटला.

गोष्ट पंचावन्न सालच्या सुमाराची. भात पोटरीला आलं की वाडीत हिवताप यायचा. लहानपणापासून तापून तापून आबाचं अंग त्याला सरावलं होतं. तो मला पांघरून कुडकुडायचा, घामाघूम व्हायचा आणि लगेच गुरांमागे निघायचा. श्रेय मात्र मला.

"हिच्यात माजे समदे ताप मुरल्यात," तो सांगायचा. "आता ही दुसऱ्याचाबी वडून घेती."

नातू शिदू तापला तेव्हा त्याच्यावर मला घातलं, तोही लवकर उठला. झालं, घरोघरून मला मागणी येऊ लागली. मी काहीएक केलं नव्हतं.

मग शिदूची धाकटी बहीण चिंगी तापली. जेमतेम तीन वर्षांची पोर. तिचं अंग भाजत होतं आणि हे लोक मला आणखी आवळत होते. मला वाचा असती तर एकेकाला फैलावर घेतलं असतं. सकाळी तिने डोळे फिरवले, हाकेला ओ देईना.

"थांब, उतरंल," आबा म्हणाला.

"तुमचा उतरतो, आबा. हिचा न्हाई," तिची आई बाया म्हणाली. पोरीला माझ्यासकट उचलून तिने कामशेतचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी मला ओढून बाजूला टाकलं. मला हायसं वाटलं. त्यांनी हिवतापावरच्या औषधाची, कोयनेलची सुई दिली, ओल्या फडक्याने अंग पुसलं.

मागून धापा टाकत आलेला आबा म्हणाला, "हिचा भाव तर घोंगडीतच बरा झाला."

"तुमच्या अंगाला या तापाची सवय आहे, हिच्या नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि काहींच्या रक्तातच तो सोसायची ताकद जन्मतः असते. आईबापांकडून येते ती. पण भावाला मिळाली म्हणून बहिणीला मिळेलच असं नाही."

चिंगी वाचली. आबा वाडीभर सांगत सुटला, "घोंगडीत घालून नेली म्हणून वाचली." आता मात्र हद्द झाली.

"घोंगडीतनं काढली म्हणून वाचली, आबा," बाया चुलीपुढून म्हणाली. आबाने माझी घडी घालून मला कोपऱ्यात ठेवलं.

मित्रांनो, मला थंडीत खुशाल पांघरा, उन्हं दाखवा, कसरीपासून जपा. पण तापलेलं पोर माझ्या हवाली करू नका. आजोबांना सोसतं ते नातीला सोसेलच असं नाही.

थोड्याच दिवसांनी शेजारचा बहिरू दारात आला. त्याचं दोन वर्षांचं पोर तापलं होतं आणि त्याला मी हवी होते. आबाने माझ्यावर हात ठेवला.

"घोंगडी देत न्हाई," तो म्हणाला. "पोराला घे. मी येतो संगं कामशेतला."