हळद न लागलेला आयकॉन

कळव्याच्या त्या गल्लीत कुणाला मोबाईलचं रूप पालटायचं असेल तर पोरी करिश्माकडे यायच्या. दहावीच्या सहामाहीआधी बाईंशी भांडून तिने शाळा सोडलेली, ती परत काही गेली नाही. घरी बसून डोकं फिरायचं, हात शिवशिवायचे. मग कुणाचे आयकॉन सगळे गुलाबी कर, कुणाचे काळ्यावर सोनेरी. नजर अशी, की दोन गुलाबींत एक केसभर फिका असला तरी तिला चैन पडायचं नाही.

आता मोठ्या बहिणीचं, कल्पिताचं लग्न आलेलं. हळद चार दिवसांवर. आगऱ्यांच्या घरात लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा, साड्या पिवळ्या, मंडप पिवळा. म्हणून कल्पिता म्हणाली, "माझा मोबाईल पण पिवळा कर गं. स्क्रीनवर दुसरा रंग दिसायला नको."

"कुठला पिवळा? लिंबू, झेंडू का ओली हळद?"

"ओली हळद."

"मग उद्यापर्यंत मागायचा नाही. नवरीचा मेकअप चाललाय समज."

"आणि कमलेशचा फोन आला तर?"

"मी बोलेन. तुझ्यापेक्षा गोड बोलते मी."

"तू आणि गोड," म्हणत कल्पिताने मोबाईल तिच्या मांडीवर टाकला.

कमलेश म्हणजे होणारा नवरा, डोंबिवलीचा. साखरपुड्याला त्याने कल्पिताला हा मोबाईल दिलेला, आणि करवलीचा मान म्हणून करिश्मालाही तसाच एक. करवलीला लोक साडी देतात, फार तर पैंजण. मोबाईल देणारा जावई गल्लीने पाहिला नव्हता. आई आठवडाभर दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

करिश्मा भिंतीला टेकून बसली. यादीतलं एकूण एक अ‍ॅप तिने होम स्क्रीनवर आणलं आणि रंग दिला. बोट लावल्यासारखी हळद पसरत गेली. पाच आयकॉन तेवढे राहिले. असं नेहमीच होतं, काही अ‍ॅप रंग घेत नाहीत. त्यांचे आयकॉन ती स्वतः काढायची, त्यातच तिला मजा. पंचांगाला चंद्र काढला, बचत गटाच्या अ‍ॅपला मडकं, गॅसवाल्याला चूल, शिवणाच्या डिझाईनला सुई. पाचवा उरला. करड्या रंगाचं दातेरी चाक, खाली नाव 'सिस्टिम सेवा'.

चित्र काढायचं तर अ‍ॅप काय करतं ते माहीत पाहिजे, हा तिचा नियम. तिने चाकावर टॅप केलं. त्याने चार आकडी पिन मागितला.

करिश्मा सावरून बसली. कंपनीचं स्वतःचं काही असतं तर पहिल्या फटक्यात पिवळं झालं असतं. आणि ते असा पिन मागत नाही. तिने चाक दाबून धरलं, आतली माहिती उघडली. लोकेशन, कायम चालू. माईक, कायम चालू. कॅमेरा चालू. मोबाईलमध्ये कधी टाकलं? साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा तर हा मोबाईल चकचकीत कागदात गुंडाळलेला, कमलेशच्या घरी होता.

तिचे कान तापले.

मागचे दोन महिने एकेक करून समोर आले. कल्पिता कल्याणला ब्लाउज टाकायला गेली, तर टेलरच्या दारात कमलेश बाईक लावून उभा. "सहज आलेलो." मावसभावाबरोबर वडापाव खाल्ला, तर रात्री मेसेज, "तिखट बाधलं नाही ना?" आई म्हणायची, "किती जीव लावतो पोरगा." आणि ती दिशाची भानगड. दिशा कल्पिताची पहिलीपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. दुपारी कल्पिता तिला एकटीला बोललेली, की लग्नानंतर पण नोकरी सोडायची नाही, कमलेशला हळूहळू पटवू. संध्याकाळी कमलेश म्हणाला, "पटवायचं असेल तर मला पटव, दिशाला कशाला सांगतेस?" दिशानेच चुगली केली असं धरून कल्पिताने तिच्याशी बोलणं तोडलं. हळदीच्या यादीतून नाव पण खोडलं.

आत्ताच्या आत्ता हा मोबाईल खाडीत फेकावा असं करिश्माला वाटलं. पण मग आई म्हणाली असती, पोरगी जळते. कल्पिता म्हणाली असती, तू सगळ्यांशीच भांडतेस. दाखवायला काहीतरी हातात पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संधी मिळाली. पेणच्या मावशीने घरची हळकुंडं एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली, ती खोपट डेपोतून आणायची होती. करिश्माने स्वतःचा मोबाईल घरात फळीवर चार्जिंगला लावला, आणि "रिक्षात बसून उरलेला आयकॉन काढते" असं सांगून कल्पिताचा पिशवीत टाकला.

पेणची गाडी यायला वेळ होता. करिश्मा डेपोतल्या बाकड्यावर बसली. मोबाईल तोंडाजवळ धरला आणि कुणाशी तरी बोलत असल्यासारखी म्हणाली, "अगं हो, दिशाशी जुळलं परत. आज संध्याकाळी कल्पिता तिच्याच घरी जाणारे."

सगळं खोटं. पण असं, की ऐकणाऱ्याला झोंबलंच पाहिजे.

चार मिनिटांत मोबाईल वाजला. स्क्रीनवर 'कमलेश', पुढे बदाम. तिने उचलला, बोलली काहीच नाही.

"करिश्मा," कमलेश शांतपणे म्हणाला, "खोपटला कशाला गेलीस?"

"मी आहे हे कसं कळलं, भावोजी?"

"कल्पिता घरी आहे ना. आई तिला ओरडतेय, हिरवा चुडा कुठे ठेवलास म्हणून. कपाटावर बघायला सांग, परवा तिथेच ठेवते म्हणालेली. आणि ऊन आहे, रिक्षाने जा."

फोन कट झाला. आवाज इतका मऊ होता, की घाबरायचं कशाला ते तिला लगेच समजलंच नाही. गाडी आली, कंडक्टरने पिशवी दिली, ती रिक्षात बसली. खाडीच्या पुलावर वारा तोंडावर आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कल्पिताचा मोबाईल तर आपल्या हातात होता. मग घरातलं ओरडणं त्याला कोण ऐकवत होतं? आईकडे बटणांचा जुना फोन. घरात दुसरा मोबाईल एकच होता. फळीवर, चार्जिंगला.

घरी आल्या आल्या तिने तो उचलला. आपला मोबाईल तिने पहिल्या दिवशीच काळाकुट्ट करून टाकलेला. नको ती अ‍ॅप एका फोल्डरमध्ये कोंबलेली, नाव 'फालतू', परत कधी उघडलाच नव्हता. आता उघडला. सगळ्याला ओली हळद लावली. एक दातेरी चाक करडंच राहिलं. गल्लीभरच्या मोबाईलमध्ये डोळे घालणारीने स्वतःचा धड बघितला नव्हता.

कल्पिता काहीतरी विचारायला आली. करिश्माने ओठांवर बोट ठेवलं. दोन्ही मोबाईल तांदळाच्या डब्यात खोल खुपसले, झाकण घट्ट लावलं, आणि बहिणीला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिथे सगळं सांगितलं, भडाभडा, मध्ये दोन शिव्या पण आल्या. डेपोत आपण काय बोललो तेवढं मात्र सांगायचं राहिलं.

कल्पिताने वाळत घातलेल्या पिवळ्या साडीची सुरकुती हाताने सरळ केली. मग म्हणाली, "चुडा खरंच कपाटावर सापडला गं आत्ता."

"त्याने टेलरच्या दारात..."

"दिशाने सांगितलं नव्हतं म्हणजे." तिने चप्पल घातली. "मी तिला काय काय बोलले. जाऊन येते. तोवर आईला काही सांगू नकोस, मी आल्यावर बोलू. मला हे लग्न करायचं नाही, पण ते आईला मीच सांगणार."

ती मोबाईल न घेता गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

खाली आई पाटावर हळकुंडं निवडत बसलेली, शेजारी कुटायचं मुसळ. करिश्मा डब्याला पाठ लावून बसली. डब्यातून घुर्र आवाज आला, थांबला, परत आला. एक झाला की दुसरा.

"तांदलात काय गो वाजतंय?" आई म्हणाली.

"मोबाईल भिजले."

"दोनी?"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. त्याचा आवाज नेहमी घरभर ऐकू यायचा.

"आई, कल्पिता कुठंय?"

"हाय ना घरान. वर असंल. कपरं काढायला."

"नाही, घरात नाही ती."

"अरं हाय बोलतंय ना."

"घरात असती तर आवाज आला असता तिचा," कमलेश म्हणाला. "अर्धा तास झाला, कुणाचाच नीट येत नाही. दोन्ही कुठे कोंबलेत ते मोबाईल?"

आईचा हात हळकुंडांवर थांबला. तिने करिश्माकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"आवाज कवा येतो तुला, कमलेश?" आईने विचारलं. "आमी जेवताना येतो? पोरी कपरे बदलतान तवा?"

पलीकडून नुसता वारा आणि गाडीचं इंजिन. मग तोच मऊ आवाज. "मी कळव्यातच आलोय, आई. काळजी करू नका. कुठे असेल ते माहितेय मला. संध्याकाळचा प्लॅन दुपारीच कळलाय."

फोन बंद झाला.

करिश्माला डेपोतलं बाकडं आठवलं. दिशाशी जुळलं परत, आज संध्याकाळी तिच्याच घरी. त्याला झोंबावं म्हणून बोललेलं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने खरं केलेलं.

"कुठं हाय ती?" आई उठली.

"दिशाकडे. आणि मीच सांगितलं त्याला."

बाईकचा आवाज गल्लीत शिरला. साखरपुड्यापासून तो फटफटता सायलेन्सर घरादाराला पाठ होता. रोज तो दाराशी येऊन बंद व्हायचा आणि आई चहा टाकायची. आज तो दारावरून तसाच पुढे गेला, मारुतीच्या देवळापाशी मंद झाला आणि उजवीकडे वळला. दिशाचं घर उजवीकडेच होतं.

करिश्मा अनवाणीच सुटली. मागून आईची पावलं येत होती. जड, पण थांबत नव्हती, आणि तिच्या हातातलं मुसळ पायरीला लागल्याचा एकदाच आवाज झाला. देवळाच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुढचा सायलेन्सर गप्प झालेला.